एक फॉलो, एक गाणं

सकाळी पहिला चहा होईपर्यंत मास्तर कुणाशी बोलत नसत, कारण त्यांना बोलताच येत नसे. तोंडात क्लॅरिनेटची रीड असायची. वेताची ती पातळ पट्टी वाजवण्याआधी जिभेखाली धरून भिजवावी लागते, हे मला त्यांच्या घरात भाडेकरू म्हणून राहायला आल्यावर कळलं. बार्शीहून सोलापुरात एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मी नोकरीला लागले आणि शास्त्रीनगरातल्या त्यांच्या वरच्या खोलीत राहू लागले. सकाळी खाली उतरून "मास्तर, पाणी आलंय का?" असं विचारलं की ते नुसतं "हूं" म्हणत. सूर वर गेला तर आलंय. खाली आला तर नाही. आणि सूर लांबत जाऊन मध्येच थरथरला तर त्याचा अर्थ, आलंय, पण नळावर चाची, म्हणजे मास्तरांची बायको, बसलीय, तू जरा दमानं घे. महिन्याभरात मला ही भाषा पाठ झाली.

ते बँडमास्तर होते. गल्लीतली लहान पोरं, किराणावाला, मशिदीतून परतणारे म्हातारे, सगळे त्यांना मास्तरच म्हणायचे. त्यांचं खरं नाव मी भाडेकराराच्या कागदावर एकदाच वाचलं आणि विसरले. उंच, किडकिडीत माणूस. मिशीला मेंदी. गालांना इतक्या वर्षांच्या फुंकण्यानं आलेला एक सैलपणा, त्यामुळे गप्प बसले तरी आत्ताच काहीतरी वाजवून थांबलेत असं वाटायचं. लग्नसराई असो वा नसो, दर शुक्रवारी दुपारी ते अंगणात बसून वर्दीची पितळी बटणं चिंचेच्या कोळानं घासत. वर्दी म्हणजे लाल कोट, त्यावर सोनेरी गोंडे, आणि तुरा लावलेली टोपी. ती एकदा अंगावर चढली की मास्तर बसत नसत. कोटाला मागे घडी पडते म्हणून. कार्यालयात वरात यायला दोन तास उशीर झाला तरी ते भिंतीलाही न टेकता उभे राहत. बाकीचे वाजवणारे पायरीवर बसून विडी ओढत आणि मास्तर त्यांच्याकडे असं बघत की त्यांच्या विड्या आपोआप विझत.

घरातल्या आवाजांशी त्यांचं भांडण असे. माझ्या कुकरची शिट्टी त्यांना बेसूर वाटायची. "बेटा, ती शिट्टी बदल. डाळ शिजती की रडती कळंना," असं म्हणून त्यांनी एकदा स्वतःच बाजारातून दुसरी शिट्टी आणली. दुकानदाराला चार-पाच शिट्ट्या फुंकून दाखवायला लावल्या होत्या म्हणे. चाचींना हे ऐकून इतका राग आला की त्या दिवशी त्यांनी डाळ केलीच नाही.

मी राहायला आले तोवर बँडचे दिवस फिरले होते. लोकांना डीजे हवा असायचा. ट्रकभर स्पीकर, रंगीत दिवे, छाती हादरवणारा ठोका. मास्तरांचा बँड आठ-नऊ जणांचा. त्यातला साइड ड्रम वाजवणारा व्यंकटेश दिवसा टॉवेलच्या कारखान्यात कामाला होता. बाकीचेही कुणी रिक्षा चालवत, कुणी भाजीचा गाडा लावत. सुपारी आली की वर्दी चढवायची, नाहीतर आपापल्या कामाला. आणि सुपाऱ्या येणं कमी कमी होत चाललं होतं.

एके रविवारी जुळे सोलापुरातून एक गृहस्थ पुतण्याच्या लग्नासाठी विचारायला आले. मी तेव्हा अंगणात कपडे वाळत घालत होते. मास्तरांनी त्यांना खुर्ची दिली, चाचींनी सरबत दिलं. ते गृहस्थ म्हणाले, "आमच्या पोरांचं म्हणणं पडलं, आधी अकाउंट बघा. तुमचं काय आहे का मोबाइलवर? फॉलोअर किती आहेत?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "फॉलोअर म्हणजे मागे येणारे. तुमचं बघणारे."

"मग हायेत की," मास्तर त्या गृहस्थांना म्हणाले. "तीस वर्षं झाली, आमी पुढं चालतो आन् आख्खी वरात मागं येती. अजून कोन पायजे?"

गृहस्थ हसले. सरबत संपवलं, कळवतो म्हणाले आणि गेले. त्यांनी काही कळवलं नाही. लग्नाच्या दिवशी मास्तर मुद्दाम त्या कार्यालयासमोरून मोपेडवर गेले. दारात डीजेचा ट्रक उभा होता. परत आल्यावर त्यांनी मला हाक मारली आणि आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. "बेटा, ते मागं येणारे काय असतात, ते हितं लावून दे."

अकाउंट मी काढून दिलं. व्यंकटेशनं वर्दीतला फोटो टाकला. पहिल्या आठवड्यात मागे आलेले म्हणजे बँडचीच माणसं, त्यांचे मेहुणे आणि मी. व्यंकटेश म्हणाला, "असं कुणी येत नसतंय मास्तर. काहीतरी द्यावं लागतंय. तो डीजेवाला बघा, फॉलो केलं की सोडतीत नाव, सोडतीत हेल्मेट." मग त्यानंच कारखान्यातले सेकंडचे टॉवेल आणले. काठ जरा वाकडा, एखादा धागा सुटलेला, बाकी झकास. फॉलो करा, टॉवेल घ्या. शनिवारी संध्याकाळी चौकात टेबल मांडलं. गर्दी झाली. मास्तर वर्दी घालून टेबलामागे उभे राहिले आणि प्रत्येकाला दोन्ही हातांनी टॉवेल देत राहिले, लग्नात आहेर देतात तसे.

दुसऱ्या दिवशी मी मोबाइल उघडला तर निम्मे लोक निघून गेले होते. मास्तरांना ते कळेना. "गेले म्हंजे कुटं गेले?"

"टॉवेल मिळाला, मग सोडून दिलं."

उरलेला एक टॉवेल उलगडून त्यांनी त्याचा वाकडा काठ पाहिला. मग म्हणाले, "टॉवेल व्यंकटेशच्या कारखान्याचा. त्येच्यात माझं काय हाय? मानूस कशाला थांबंल?"

चार दिवसांनी मी लॅबमधून आले तेव्हा ते जिन्यात माझी वाट बघत उभे होते. त्यांनी ठरवून टाकलं होतं. जो फॉलो करील त्याच्या दारात जाऊन, त्याच्या पसंतीचं एक गाणं वाजवायचं. एक फॉलो, एक गाणं. मी म्हटलं, "मास्तर, नुसतं रेकॉर्ड करून पाठवलं तरी चालतं." ते म्हणाले, "लग्नाला बोलावल्यावर मी रेकॉर्ड पाठवतो का?"

पहिली विनंती विजापूर रोडवरच्या एका नर्सबाईंची आली. रविवारी सकाळी मी मोपेडवर मास्तरांच्या मागे बसले, मांडीवर क्लॅरिनेटची पेटी. मास्तर पूर्ण वर्दीत. मी एवढ्या थाटाबद्दल विचारलं तर म्हणाले, "बिनवर्दीचा दारात हुबा राहून वाजवला की मागनारा वाटतो." पण वर्दीनंही भागलं नाही. बाईंच्या दारात ते क्लॅरिनेट जोडत होते तोवर शेजारच्या घरातून एक आजीबाई वाटीभर ज्वारीचं पीठ घेऊन आल्या आणि त्यांच्यापुढे धरलं. माझा जीव कानकोंडा झाला. मास्तरांनी वाटीला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "माँजी, आज मी द्यायला आलोय. तुमी पन ऐका."

नर्सबाई रात्रपाळी करून आलेल्या होत्या. गॅसवर पोहे होते. हातात उलथनं तसंच धरून त्या दारात आल्या आणि मास्तरांनी वाजवायला सुरुवात केली. गाणं जुनं होतं, संथ. वरातीत कुणी मागत नाही असलं. त्या चौकटीला टेकून ऐकत राहिल्या. पीठवाल्या आजीबाईही वाटी हातात घेऊन थांबल्या. आत पोहे करपल्याचा वास आला तरी कुणी हललं नाही.

परतताना मास्तर सात रस्त्यापर्यंत मोपेड अगदी सावकाश चालवत आले. सिग्नलला थांबल्यावर मान मागे वळवून म्हणाले, "ऐकलं तिनं. आख्खं ऐकलं."

मला तेव्हा त्यात विशेष काय ते लक्षात आलं नाही. नंतर एकदा अंगणात बटणं घासताना ते बोलले. वरातीत बँड कुणी ऐकत नाही. पोरं नाचतात, बायका साड्या सांभाळतात, करवल्या एकमेकींना हाका मारतात, मागून कुणीतरी खेकसतं की पुढं चला, मुहूर्त टळतोय. "तीस वर्षं मी वाजवलं बेटा. कुनी समोर हुबा राहून ऐकलं, असं झालंच न्हाय. लोकांची चूक न्हाय. त्यांचं लगीन असतंय, माझं गानं थोडंच असतंय?"

पुढचे काही महिने मास्तर जे फिरले ते आठवलं की अजून मला हसू येतं. अशोक चौकातल्या एका शिंप्याला त्याचे वडील मशीन चालवताना गुणगुणायचे ती चाल हवी होती. गाण्याचे शब्द त्याला माहीत नव्हते, आणि चाल तो दर वेळी वेगळी म्हणून दाखवायचा. मास्तर त्याच्या दुकानात तीन फेऱ्या घालून आले. शेवटी वाजवलं तेव्हा शिंपी म्हणाला, "हेच हाय का ते मला सांगता येत न्हाय मास्तर, पर अब्बांना हे आवडलं असतं." मास्तर खूश. एका बाईंनी हौसेनं बोलावलं आणि मास्तर दारात आल्यावर लाजून दार लावून घेतलं. मास्तरांनी बंद दारासमोर वाजवलं. गाणं संपल्यावर दाराखालच्या फटीतून पानाचा विडा बाहेर आला. तो त्यांनी खाल्ला नाही. घरी आणून चाचींना दिला आणि कुठून आला ते सांगितलं. चाची म्हणाल्या, "बाई शहाणी हाय. मी बी दारच लावलं असतं."

चाचींचा या सगळ्याला विरोध होता, पण गाण्यामुळे नव्हे, दातांमुळे. क्लॅरिनेट वाजवताना वरचे पुढचे दात माउथपीसवर टेकवावे लागतात. मास्तरांचे ते दोन दात हलायला लागले होते. दवाखान्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हे काढावे लागतील, कवळी बसेल, पण कवळीनं पूर्वीसारखं वाजेलच असं नाही. मास्तरांनी पुढची तारीख घेतलीच नाही. चाची मला जिन्यात गाठून गाऱ्हाणं सांगत, आणि राग आला की त्यांची मराठी संपून दखनी सुरू होई. "दाँतां हिलरैं, और इनो गल्ली गल्ली फिररैं! तू बोल उनकू. तेरा सुनते." मी बोलले. मास्तर म्हणाले, "हलतायत, पडले न्हाईत की."

मग मंद्रूपचं प्रकरण झालं. तिथल्या कुणा पोरानं फॉलो केलं, पत्ता पाठवला आणि डीजेवर वाजतं तसलं एक धांगडधिंग्याचं गाणं मागितलं. आम्ही भर उन्हात मंद्रूपला पोचलो. पत्ता विचारत विचारत गेलो तर तो निघाला जनावरांच्या दवाखान्याचा. त्या नावाचं तिथे कुणीच नव्हतं. चार-पाच म्हशी बांधलेल्या, दोन शेतकरी, आणि एक कंपाउंडर. कोपऱ्यावरच्या पानटपरीवर पोरांचं टोळकं होतं, ते आमच्याकडे बघून फिदीफिदी हसत होतं. मला संताप आला. "चला मास्तर. फसवलंय आपल्याला."

"पत्ता त्येचा खोटा हाय," मास्तर टोपी नीट करत म्हणाले. "मी तर खरंच आलोय न्हवं?"

आणि त्यांनी वाजवलं. ते धांगडधिंग्याचं गाणं, पण असं सावकाश आणि मनापासून की ते दुसरंच काहीतरी वाटायला लागलं. समोर म्हशी. एका म्हशीनं रवंथ थांबवलं आणि त्यांच्याकडे मान वळवली. मास्तर तिच्याकडे बघून वाजवत राहिले, शेवटी टोपी काढून तिला सलाम केला आणि पेटी बंद केली. टपरीवरचं हसू तोवर थांबलेलं होतं.

कंपाउंडरनं मोबाइलवर ते सगळं टिपलं होतं. त्यानं ते टाकलं, आणि दोन दिवसांत तो व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. लॅबमध्ये रक्त द्यायला आलेले लोक एकमेकांना दाखवत होते. मास्तरांच्या मागे येणाऱ्यांचा आकडा हजारांत गेला आणि वाढतच राहिला. व्यंकटेश पेढे घेऊन आला. आठवड्याभरात दोन सुपाऱ्यांची विचारणा झाली. लोक खाली काय काय लिहीत होते ते मास्तरांना ऐकायचं होतं. मराठी ते सावकाश वाचत, म्हणून मला अंगणात बसवून म्हणाले, वाच. मी वाचू लागले. कुणी 'दिल जिंकलं' लिहिलं होतं, कुणी हात जोडलेले. आणि बरेच जण वाईट लिहीत होते. म्हाताऱ्याला वेड लागलंय, म्हशीला नवरा मिळाला, असलं. ते मी गाळत गेले.

मास्तर थोडा वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "तू मधले सूर सोडतीस."

"नाही मास्तर."

"सोडतीस. एक वाचतीस, मग गप बसून तीन गिळतीस. वाच. लोक हसले तर हसू दे. हसायला तरी थांबले न्हवं?"

मी सगळं वाचलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. एका ठिकाणी, म्हशीच्या नवऱ्यापाशी, ते स्वतःच खो खो हसले. पण रात्रीच्या जेवणाला त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली, असं चाची दुसऱ्या दिवशी म्हणाल्या.

आता पंचाईत वेगळीच झाली होती. ज्यांनी फॉलो केलं त्या सगळ्यांना एकेक गाणं देणं लागत होतं. नाशिक, बेळगाव, दुबई. व्यंकटेश म्हणाला, "मास्तर, स्कीम संपली म्हणून टाका की. कुणी काय म्हणणार न्हाय."

"मी म्हनीन की," मास्तर म्हणाले.

मग लांबच्या लोकांना ते गच्चीवरून मोबाइलवर वाजवून दाखवू लागले, संध्याकाळच्या नमाजानंतर, नाव घेऊन. जवळच्यांकडे स्वतः जायचे. मी त्यांच्याबरोबर फक्त रविवारीच जाऊ शकत होते. एका संध्याकाळी जिन्यावर भेटले तेव्हा त्यांनी गालावर हात दाबून धरला होता. मी काही विचारायच्या आत त्यांनी "हूं" केलं. तोंडात रीड नव्हती. सूर खाली गेला होता.

त्याच सुमाराला दुधनीहून निरोप आला. पाठवणारीचं नाव सुवर्णा. तिनं लिहिलं होतं, आमचं लग्न लॉकडाउनात झालं, घरातच, मोजक्या माणसांत. वाजंत्री नाही, वरात नाही. आता मुलगी चालायला लागली. तुम्ही आलात तर एकदा वरातीचं गाणं ऐकायचं आहे.

मी वाचून दाखवल्यावर मास्तरांनी ते परत वाचायला सांगितलं. मग म्हणाले, "वरातीचं गानं एकट्यानं वाजत न्हाय."

ते प्रत्येकाच्या घरी गेले. रिक्षावाला म्हणाला, धंद्याचा दिवस बुडतो. भाजीवाला म्हणाला, दुधनी लई लांब, आन् सुपारी कुठंय? मास्तर वाद घालत बसले नाहीत. "वर्दी तरी काढून ठेव, घडी मोडली का बघू," एवढंच म्हणायचे आणि पुढच्या घरी जायचे. रविवारी सकाळी चौकात टेम्पो उभा राहिला तेव्हा सगळे हजर होते. लाल कोटात. रिक्षावाल्याचं पोट कोटात मावत नव्हतं, त्यानं मधली दोन बटणं सोडली होती आणि मास्तरांनी ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

दुधनीत सुवर्णाचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. टेम्पो थांबला, ढोल उतरले, गल्लीतली पोरं धावत आली. सुवर्णा दारात आली, तिच्या मागे तिचा नवरा, काखेत मुलगी. "बर्री, बर्री," तो म्हणाला, या, या. सुवर्णाला एकटे मास्तर येतील असं वाटलं होतं. एवढा बँड बघून तिनं तोंडावर हात ठेवला. आणि तेवढ्यात आतून तिची सासू आली.

पांढऱ्या केसांची, ताठ बाई. तिनं बँडकडे पाहिलं आणि सुनेला कन्नडमध्ये काहीतरी बोलली, मग आमच्याकडे वळून मराठीत. "ह्या घरात वाजवायचं न्हाय. तुमी परत जावा."

सुवर्णाची मान खाली गेली. नवऱ्यानं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं. लग्नानंतर तीन आठवड्यांत त्याचे वडील त्याच साथीत गेले. दवाखान्यातून परस्पर नेलं. घरच्यांना तोंडसुद्धा दिसलं नाही. ना लग्नाला माणसं, ना त्यांच्यामागे माणसं. आई तेव्हापासून कुठल्याच कार्याला जात नाही. "मी तिला सांगितलं न्हवतं," तो म्हणाला. "वाटलं, एक मानूस येईल, वाजवून जाईल."

व्यंकटेश टेम्पोकडे बघू लागला. मलाही वाटलं, निघावं. मास्तरांनी हातानं सगळ्यांना खूण केली. ढोल खाली ठेवले गेले. मग त्यांनी टोपी काढली आणि त्या घराच्या पायरीवर बसले. वर्दीत बसलेले मास्तर मी पहिल्यांदाच पाहत होते.

"बाई, आमी वाजवत न्हाय," ते म्हणाले. "पानी मिळंल का?"

तिनं पाणी आणून दिलं. मास्तर ते प्यायले, तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, "मालकांना गान्याची आवड होती काय?"

तिनं तांब्या उचलून त्याचा काठ पदरानं पुसला. मग म्हणाली, "सोमवारी देवळात भजन म्हणायचे. आवाज काय बरा न्हवता."

"काय म्हनायचे?"

"तुमाला येणार न्हाय. कानडी हाय."

"मला शब्द कुटं वाजवायचेत? चाल सांगा की."

ती उभीच होती. चौकटीला हात लावून, जमिनीकडे बघत तिनं एक ओळ म्हटली. आवाज अगदी बारीक. मास्तरांनी क्लॅरिनेट जोडलं आणि बसल्या बसल्या ती ओळ वाजवली. ती म्हणाली, "न्हाय, शेवटाला असं खाली येतंय," आणि पुन्हा म्हटली. मास्तरांनी पुन्हा वाजवली. असं करत करत त्यांनी पुरतं भजन उचललं. मग ते सलग वाजवलं, हळू, कुणाला उठवायचं नसेल तसं. गल्लीतली माणसं दाराशी आली होती. ती बाई आधी उभी होती, मग मास्तरांच्या शेजारी पायरीवर बसली. पदराचा बोळा तोंडाशी धरून ती रडत होती आणि मानेनं ताल देत होती.

भजन संपलं. ती उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात जरीकाठाची शाल होती. ती तिनं लेकाच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "पोरीला कडेवर घे. वडिलांना तुझी वरात बसवेश्वराच्या देवळापर्यंत न्यायची होती. चला."

सुवर्णानं तिचा हात धरला. "मी कशाला पुढं," सासू म्हणाली, "मी मागनं येते." सुवर्णानं हात सोडला नाही.

मास्तर उठले. कोटाच्या मागे मोठी घडी पडली होती, ती झटकायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी टोपी चढवली आणि हात वर केला. ढोलावर पहिला ठोका पडला तसा छपरावरून पारव्यांचा थवा उडाला. मी वराती खूप पाहिल्यात, पण तसली नाही. वधूवर पायी, त्यांची पोर बापाच्या कडेवर टाळ्या वाजवतेय, सासू सुनेच्या हाताला धरून, आणि बघता बघता आख्खी गल्ली मागे. अर्ध्या वाटेत मास्तरांचा सूर एकदम चिरकला. पुढच्याच क्षणी सावरला. मी पुढे जाऊन पाहिलं तर माउथपीसवर रक्त होतं. मी खूण केली, पुरे. त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. देवळाच्या पायरीपर्यंत ते वाजवत गेले. तिथे पोचल्यावर पाठमोरे झाले आणि रुमालात एक दात काढून घेतला.

दुसरा दात डॉक्टरांनी त्याच आठवड्यात काढला. जखम भरेपर्यंत वाजवणं बंद. मास्तरांनी मला वर्दीतला एक व्हिडिओ काढायला लावला. फुगलेल्या गालानं ते म्हणाले, की ज्यांचं गाणं राहिलं त्यांची मी माफी मागतो. माझे दात गेले. तुम्ही सोडून गेलात तर मला राग नाही, कारण मी सांगितलं ते पुरं केलं नाही. व्यंकटेश म्हणाला, असं कुणी सांगतं का? मास्तर म्हणाले, मी सांगतो.

लोक गेले. पुष्कळ गेले. काही थांबले, का ते माहीत नाही. बँडला सुपाऱ्या येत राहिल्या, डीजेइतक्या नव्हे, पण रिक्षावाल्यानं कोट सैल करून घेण्याइतक्या. मास्तर पुढे काठी घेऊन चालत, आणि त्यांची चाल ट्रम्पेटवाला वाजवी. डॉक्टरांनी कवळी बसवली. तिच्यानं वाजवायला गेलं की नुसती फुस्स हवा जाई. त्याच काळात मला लातूरला चांगली नोकरी लागली आणि मी खोली सोडली. निरोपाच्या दिवशी मास्तर मोपेडवर माझी ट्रंक घेऊन स्टँडवर आले. त्यांनी माझ्या सीटची खिडकी उघडते का ते तीनदा तपासलं.

गेल्या थंडीत कामानिमित्त सोलापूरला गेले तेव्हा दुपारी त्यांच्याकडे गेले. मिशीची मेंदी उडाली होती, मिशी पांढरी दिसत होती. चहा झाला. लातूरला पाणी कधी येतं, तिथे कुकर कोणता आहे, ही चौकशी झाली. मग मी भीत भीत विचारलं, "वाजवता का?"

"पहिल्यापासनं शिकतोय," मास्तर म्हणाले. "बोटांना सगळं येतंय. तोंडाला काय येत न्हाय. आता कुटं एक सूर थांबायला लागलाय. एकच."

त्यांनी क्लॅरिनेट काढलं, नवे दात जपून माउथपीसवर टेकवले आणि डोळे मिटले. आधी हवा आली. मग सूर आला. तो थरथरला, एका बाजूला घसरला, परत जागेवर आला आणि थांबला. अंगणातल्या उन्हात तो एकटा सूर बराच वेळ उभा होता. मास्तरांच्या मानेची शीर ताठ झाली. श्वास संपला तेव्हा त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं.

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून, भांडी घासता घासता, चाचींचा आवाज आला.

"कल से लंबा था."

मास्तर हसले. नव्या दातांनी हसायची त्यांना अजून सवय झालेली नव्हती.